मागे बसणारी

चेक परत आला होता म्हणून आले.
माघातल्या तीन रात्रींचं मानधन, सहीत काहीतरी चूक.
सचिव घाडी गोव्याला मुलाकडे गेलेत,
एवढं सांगून शेजारणीनं दार लावून घेतलं.
परतीच्या बसला अडीच तास.
वैशाखातल्या दुपारी खानापुरात
अडीच तास ठेवायचे कुठे?

पाय आपसूक कौलांच्या कारखान्याकडे वळले.

फाटकावर यंदाच्या जलशाचा फलक अजून आहे,
वर कन्नड, खाली मराठी,
उन्हानं दोन्ही सारखीच उडवलीत;
साडीच्या दुकानाची जाहिरात तेवढी वाचता येते.
उद्घाटनाला कुणीतरी म्हणतंच, सुरांना भाषा नसते.
मग निवेदन आधी कुठल्या भाषेत
यावर भट्टीमागे भांडण चालतं
आणि तेवढ्यात आम्ही तंबोरे लावून घेतो.

अकरा वर्षं येतेय. दिवसा कधी पाहिलं नव्हतं.
रात्री मैदान वाटायचं ते अंगण निघालं,
फुटक्या कौलांची रास, तिच्यावर सरडा,
भट्टीच्या तोंडावर चुन्यानं लिहिलेलं ‘कलाकारांसाठी’,
आत एक शेळी.

स्टेजवर मिरच्या.
या काठापासून त्या काठापर्यंत, लाल.
जिथे बुवा मफलर गुंडाळून बसायचे,
लवंग गालात धरून, पंखा बंद करा म्हणायचे,
तिथला ढीग सर्वांत तिखट.
मला शिंक आली. एक, मग लागोपाठ तीन.
वरच्या पत्र्यानं त्या परत दिल्या,
बुवांच्या तानाही इतक्या स्वच्छ कधी दिल्या नव्हत्या.

राखणदार सिदराय खुर्चीतून उठला.
“याक बंद्री?” मग जवळ येऊन, डोळे बारीक करून,
“हिंद कूडतिद्रल्ल, अक्कोरे?”
मागे बसायच्या ना तुम्ही.
हो, म्हटलं. मागेच.
नाव त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मग अकरा वर्षांत जमलं नव्हतं ते केलं:
समोर जाऊन बसले.
पाचवी रांग असेल. खुर्च्या नाहीत,
तापलेल्या फरशीवर पदर दुमडून.
तिथून पाहिलं तर
डावीकडचा लोखंडी खांब
नेमका माझ्या जागेवर येतो.
पाचव्या रांगेतल्या माणसाला
बुवा दिसतात, तबला, पेटी,
उजवीकडची शकुंतला दिसते, तिच्या तंबोऱ्याची नक्षी दिसते;
माझ्या फक्त खुंट्या.
म्हणजे दर माघात नवी साडी नेसत होते
ती खांबासाठी.

हसू आलं, मोठ्यानं. सिदरायला वाटलं, ऊन लागलं.

त्याची बायको निंगव्वा म्हणाली,
बसलाच आहात तर मिरच्यांना हात लावा, खालीवर करायच्यात.
चढले. मिरच्या सारताना खाली
पांढऱ्या टेपची फुली सापडली, माझ्या जागेची,
एक पाय निघालेला.
सवयीनं तिथेच मांडी घातली.
शेजारच्या मळ्यात पंप चालू होता,
काळी एकच्या जरा खाली;
वीज कमी झाली की आणखी उतरायचा, मग सावरायचा.
माझा हात चालत राहिला:
मधलं बोट, तर्जनी, तर्जनी, तर्जनी.
एकेक मिरची.
निंगव्वा बघत होती. “हंग माडबारद्री,” म्हणाली,
मुठीनं उलटायच्या,
अशानं दिवाळी उजाडेल.

निघताना अर्धा किलो, कागदात बांधून.
पैसे घेईना.
घाडी आले की चेकचं सांगते, म्हणाली.
घाडींना ती ओळखते का, ते विचारायचं राहिलं.

बसमध्ये हात भगभगत होते.
देसूरच्या पुढे डोळ्यांना पाणी आलं,
ते त्याच हातांनी घाम पुसला म्हणून.
पुडकं मांडीवर उभं धरलं होतं,
शेजारची बाई म्हणाली, खाली ठेवा की,
कुठे पळून जातंय.